वहीतला चौथा रकाना

आल्दान नदीवर नोव्हेंबरात रस्ता उगवतो
आणि एप्रिलअखेर बुडतो.
मधले पाच महिने तो मायीसचा.
पहाटे (पहाट म्हणायची, उजेड दहाला येतो)
ती गिरमिट खांद्यावर टाकून निघते,
दर दोनशे पावलांवर एक भोक पाडते,
आकडी सोडून बर्फाची जाडी बघते
आणि वहीत उतरवते:
तारीख. थंडी. सेंटीमीटर.
पेन गोठतं, म्हणून पेन्सिल.
पेन्सिलीचं पत्र्याचं टोक ओठांत धरू नकोस,
एवढंच पहिल्या दिवशी बोलली माझ्याशी.

मी आयाल, तिच्या हाताखाली, या हिवाळ्यापुरता.
काम पाणी उपसायचं.
नदीतूनच काढायचं, नदीच्याच पाठीवर ओतायचं,
थरावर थर, अंगण सारवल्यासारखं,
म्हणजे पिठाचे आणि डिझेलचे ट्रक
पलीकडच्या काठाला लागतील.

उणे एक्कावन्नला श्वास बाहेर पडतो तो रवा होऊनच,
कॉलरवर सांडतो, बारीक आवाज करत.
काठाच्या गवतात घोडे, पाठीवर बर्फाची झूल,
खुरांनी उकरून खातात, घाई नाही.
डोमकावळ्यांना ट्रकवाले ओळखीचे:
कोण पावाचा तुकडा टाकतो, कोण नुसता हॉर्न.
म्हातारा प्रोकोपी जाळं ओढतो.
मासा वर येतो, दोनदा वळतो,
तिसऱ्यांदा वळायच्या आत लाकूड.
घराच्या भिंतीला नदीचे चिरे रचलेत,
एकेक फोडून चहाला घ्यायचा.
हिवाळा म्हणजे बैल, प्रोकोपी सांगतो,
थंडी ओसरायला लागली की त्याचं एक शिंग गळतं.
मग आकाशाकडे बघतो, जणू मोजतोय.
दोन्ही शाबूत.

वळणापाशी तळातून झरा येतो.
तिथे खळ्याएवढं पाणी उघडं, वर वाफ.
आणि कडेला ते पाखरू,
मुठीएवढं, तपकिरी, गळ्याखाली पांढरा फडका.
दोनदा गुडघ्यांत वाकतं
आणि सरळ पाण्याखाली चालत जातं,
शेजारच्या घरी जावं तसं.
ते दिसलं की मायीस वहीत एक बारीक खूण करते.
रकाना तिनंच आखलेला, चौथा, वाकडा.

तालुक्याचा साहेब आला, म्हणाला, हे काय?
तिथे बर्फ पातळ आहे, ती म्हणाली.
तेही खोटं नव्हतं.

मग उणे अठ्ठावन्न. सलग नऊ दिवस.
खळं परातीएवढं झालं.
परात ताटाएवढी.
दिवसभर आम्ही नदी जाड करत होतो,
त्र्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
आणि रात्री मी खिडकीतून बघितलं:
वळणाशी एक कंदील, जमिनीलगत,
आणि पहारीचा ठणका, थांबून थांबून.
फळी टाकून, पोटावर सरपटत गेली असणार,
या वयात.
सकाळी तिचे हातमोजे शेगडीपाशी उभे होते,
आत हात असल्यासारखे.
मी विचारलं नाही.

चौदा तारखेला तिला खोकला धरला.
मी एकटा गेलो.
तारीख लिहिली. थंडी लिहिली.
जाडी एकशे एक.
वळणाशी ताटाची वाटी झालेली.
फळी टाकली. पहार घातली.
कपचे उडाले, चेहऱ्यावर बसले, तिथेच राहिले.
खालचं पाणी काळं, वाहतं, आपल्याच नादात.
पाखरू नव्हतं.
कडेला विष्ठेचा एक ठिपका, पांढरा,
ताजा की जुना, या थंडीत कसं ओळखायचं?
पापण्या चिकटेपर्यंत थांबलो.
एक खूण ओढायला काय लागतं?
पेन्सिल टेकवली, उचलली.

घरी मायीसनं वही मागितली.
चौथ्या रकान्यात खूण नव्हती,
तीन शब्द होते: पाणी उघडं आहे.
तिनं वाचलं. खोकली.
पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवलं.
पेन्सिल फार दाबतोस, म्हणाली,
आणि चहासाठी नदीचा चिरा आणायला
मला बाहेर पाठवलं.